वीसपर्यंत

सणसरच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर उलटला आणि ऋषिराजच्या डोक्याला मार बसला. जगला, पण गोंगाट झाला की पिसाळायचा, समोर येईल त्याला बडवायचा. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय शिकवला, की राग आला की हात खिशात घालायचे आणि वीसपर्यंत मोजायचं. त्याच्या आईनं, बनाबाईनं, सगळ्या पँटींना खोल खिसे शिवले आणि सहा महिने रोज त्याच्याकडून घोकून घेतलं. तरी मागच्या आठवड्यात वरातीच्या डीजेपुढं त्यानं गावातल्या वजनदार मानसिंगतात्यांच्या कानाखाली ठेवून दिली.

आज चावडीपुढं त्याला माफी मागायला उभं केलं. चाळीस माणसं एकदम ओरडायला लागली. ऋषिराजच्या डोक्यात राग चढला, आणि पहिल्यांदाच, कुणी न सांगता, त्याचे हात खिशात गेले.

"एक... दोन..."

"थोरामोठ्यांपुढं हात खिशात? माज बघा ह्याचा," तात्या म्हणाले.

"तात्या, वीस म्हणू द्या त्याला. लगीच निवतोय बघा," म्हणत बनाबाई मधी पडली. तिला ढकलून दिलं.

काठ्या पडायला लागल्या. भुवई फुटली, गुडघा मोडला. दात पडलेल्या तोंडानं तो मोजतच राहिला. चौदाला काठी डोक्यात बसली आणि तो तोंडावर आपटला. पडतानाही हात खिशातच होते.

तात्यांनी काठीचं रक्त त्याच्याच सदऱ्याला पुसलं.


"बघितलं? असलं मारकं जनावर गावात ठेवायचं तरी कसं?"