फसलेला हात

"बंद करा ते!" डेअरीचे चेअरमन ओरडले. यंत्राच्या हाताने दुधाचा कॅन इतक्या जोरात उचलला होता की झाकण उडून छताच्या पत्र्यावर आदळलं. भरलेल्या कॅनच्या रांगेत हा एक रिकामा चेअरमननीच मुद्दाम ठेवला होता.

यंत्राचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या इंजिनिअर तरुणीचं बोट लाल बटणावर होतं, पण तिने ते दाबलं नाही. "चाचणी संपली नाही, साहेब."

"अहो, तुमचा आधीचा प्रोग्रॅम बरा होता. प्रत्येक कॅनचं वजन करून मगच उचलायचा."

"आणि तेवढ्या वेळात दगडूमामा तीन कॅन उचलायचे."

पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे दगडूमामा कोपऱ्यात हसत होते. ती दोन महिने त्यांच्यासमोर वही घेऊन बसली होती. मामा वजन करत नाहीत. आधीच्या कॅनवरून अंदाज बांधतात आणि त्या अंदाजानेच जोर लावतात. एखादा रिकामा निघाला की मागे कोलमडतात. तिने यंत्राला तेच शिकवलं होतं. कोलमडल्यावर मामा काय करतात, तेही.

"मामा, पुढचा ठेवा. भरलेला की रिकामा, सांगू नका."

मामांनी कॅन ठेवला. यंत्राचा हात खाली आला आणि थांबला. मग त्याने कॅन जरासा कलता करून पाहिला आणि बेताने उचलला. तो भरलेला होता.

मामांचं हसू थांबलं. "आयला, ह्यो बी फसल्यावर माझ्यागतच चाचपतोय की!"

आता कुठे तिने बटणावरचं बोट काढलं. "साहेब, पुन्हा फसवून बघा."