सकाळचे रकाने

"ड्युट्यांचा तक्ता असा कोरा टांगायचा म्हणजे वॉर्ड वाऱ्यावर सोडायचा," मेट्रनबाई म्हणाल्या.

मॅनेजरनं चौथी टाचणी नोटीस बोर्डात दाबून बसवली. अंथरुणाला खिळलेल्या चोवीस म्हाताऱ्यांचा तो वॉर्ड. वर्षभरात अकरा सिस्टर सोडून गेल्या होत्या. आणखी तिघींचे राजीनामे त्याच्या टेबलावर पडले होते. विश्वस्तांनी निक्षून सांगितलं होतं, आज पाच वाजेपर्यंत पुढच्या आठवड्याच्या सगळ्या ड्युट्यांना माणसं दाखवा, नाहीतर वॉर्ड बंद.

मॅनेजर नुकताच परदेशातली हॉस्पिटलं बघून आला होता. तिकडच्या एका हॉस्पिटलात सिस्टर आपापल्या ड्युट्या स्वतः निवडायच्या, आणि वर्षानुवर्षं टिकायच्या. तेवढं एक तो शिकून आला होता. तक्त्यावर नाव छापलेलं होतं ते एकच. सकाळ, सातही दिवस, मेट्रनबाई.

"तिकडे चालत असेल साहेब. इकडे रात्रपाळीकडे कुणी ढुंकून बघणार नाही. रविवारचं तर नावच नको."

"बघू या. फक्त तुम्ही इथे उभं राहायचं नाही."

सव्वीस वर्षं ड्युट्या मेट्रनबाईंनीच लावल्या होत्या. कुणाचं मूल आजारी, कुणाची सासू पडली, सगळ्या सबबी त्यांना तोंडपाठ. सकाळी सातला त्यांची फेरी निघायची. खाटेखाटेशी थांबायच्या, चादरीची सुरकुती बोटानं दाखवायच्या, आणि जिची चूक तिला तिथंच, पेशंटसमोर, झाडून काढायच्या. या फेरीमुळेच वॉर्ड उभा आहे, असं त्या सगळ्यांना सांगत.

आता त्या आपल्या खोलीत बसून राहिल्या. चहा निवून गेला. बाहेर पावलं यायची, तक्त्यापाशी थांबायची, जायची. एकदा हसणं ऐकू आलं. चोवीस माणसं कुठे जाणार? अकरा नंबरच्या आजोबांना तर घरच नव्हतं.

साडेचारला त्यांना राहवेना. त्या बाहेर आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

रात्रीचे रकाने भरले होते. रविवारची रात्रसुद्धा. एका चौकोनात तर तीन नावं दाटीवाटीनं कोंबली होती. राजीनामा दिलेल्या तिघीही रात्रीतच होत्या. दुपार भरली होती. सकाळी मात्र सोमवार ते रविवार त्यांचं एकटीचंच छापलेलं नाव.

त्या तरातरा सिस्टरांच्या खोलीत गेल्या. आतली बडबड एकदम बंद पडली.

"अगं, डोकी फिरलीत का तुमची? घरदार सोडून रात्री जागायला तयार, आणि सकाळ नको? सकाळी काय वाघ बसलाय का तिथे?"

कुणी वर बघेना. कोपऱ्यात मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या. वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या त्याच. त्यांनी हातातली घडी पुरी केली.

"रागावू नका बाई," मावशी म्हणाल्या. "सकाळी तुम्ही असता."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं होती. मेट्रनबाई वळल्या आणि सावकाश चालत तक्त्यापाशी आल्या. दारात उभ्या असलेल्या मॅनेजरनं बाजूला होऊन वाट दिली.

त्यांनी पेन काढलं. सोमवारचं आपलं नाव खोडलं. मंगळवारचं खोडलं. रविवारचं खोडून झालं तेव्हा त्यांना पाठीमागे चाहूल लागली.

"बाई, तुमचं झालं असेल तर पेन देता?"

मागे रांग लागली होती.