नैवेद्याचं पन्हं

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात पन्हं फक्कड जमलं, तर शालिनीबाईंच्या पदरात थोरल्या जाऊबाईंचं वर्षभराचं मौन पडणार होतं. 'नागपूरची सून आणलीस, आता घोटाघोटाला ठसका!' असे जाऊबाईंचे टोमणे मुलाच्या लग्नापासून चालू होते. म्हणून शालिनीबाईंनी पातेल्याला सुनेचा हातही लागू दिला नव्हता.

नैवेद्याआधी चाखायची रीत नाही. गौरीला दाखवून झाल्यावर त्यांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. मीठ दोनदा घातलं गेलं होतं, आणि बाहेर बायका येऊन बसल्या होत्या.

"आई, मी माझ्यासाठी भाजलेल्या कैऱ्यांचा गर काढून ठेवलाय, जिरं घातलेला, बिनमिठाचा. मिसळू?" सून कुजबुजली. "तोवर तुम्ही बाहेर अत्तर लावा."

जिऱ्याच्या वासाचे पेले फिरले. जाऊबाईंनी दुसरा मागून घेतला. "शालिनी, हाताला चव आहे हो तुझ्या! सुनेलाही शिकव जरा."

"मीच शिकतेय," शालिनीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माझं खारट झालेलं, हिनं सावरलं. सून आहे माझी!"

त्यांच्या सुगरणपणाला त्यात थोडी तोशीस लागली. पण किंमत मोजली ती जाऊबाईंनी. तिसऱ्या पेल्यासाठी त्यांना पहिल्यांदाच, गोड आवाजात, 'सूनबाई' अशी हाक मारावी लागली.