पडद्याची सोय

सभागृहाच्या कोपऱ्यात एक खुर्ची मांडली होती आणि तिच्यापुढे जाड हिरवा घडीचा पडदा उभा केला होता. नगरपालिकेवर निवडून आलेल्या पहिल्या बाई, सत्यभामाबाई टिपणीस, दारातच थांबल्या.

“बाई, तुमची सोय केलीय,” अध्यक्ष रावसाहेब अदबीनं म्हणाले. “पुरुषांसमोर बसायचा संकोच नको.”

सत्यभामाबाई पूर्वी पालिकेच्याच दवाखान्यात नर्स होत्या. “रावसाहेब, दवाखान्यात जागा नाही म्हणून बायका व्हरांड्यात बाळंत होतात. येणारे-जाणारे बघतात. हा पडदा आत्ताच तिकडे पाठवा.”

“मग तुम्ही कुठे बसणार?”

“तुमच्यासमोर.”

शिपाई पडदा घेऊन गेले. बाईंनी खुर्ची स्वतःच ओढत टेबलापाशी आणली.

“माझा पहिला ठराव लिहून घ्या,” त्या म्हणाल्या. “दवाखान्याला बाळंतिणींची खोली बांधावी.”

सभासदांनी माना खाली घातल्या. असल्या विषयावर तिथे कधी कोणी बोललं नव्हतं. अनुमोदनाला कोणी उठेना. शेवटी निवडणुकीत बाईंच्या विरोधात गावभर फिरलेले गुलाबशेठ उठले.

“माझी बायको त्याच व्हरांड्यात बाळंतपणात गेली,” ते म्हणाले. “अनुमोदन माझं.”