गोमेदाची अंगठी

"हा खडा कोनता म्हनाले?" जानरावनं अंगठी डोयासमोर धरून इचारलं.

"गोमेद," पोराचे वडील भगवंतराव बोलले. "आमच्या किशोरची पसंती. त्यानं सोता घडवून आनली."

नांदगाव पेठेत जानरावच्या आंगनात त्याच्या पोरीचं, साधनाचं साक्षगंध होतं. पावने अकोल्याहून आलेले. मागं पुऱ्या तळनं चालू. हे स्थळ जानरावनंच हुडकलं होतं. साधना आधी नाहीच म्हने. मंग किशोरसंग परतवाड्याले एक कप चहा पिऊन आली अन् मुकाट्यानं हो म्हनाली. जानरावले वाटलं, देव पावला.

"गोमेद म्हंजे काय वं?" त्यानं तिलेच इचारलं. पोरगी अमरावतीले संस्कृत शिकलेली.

"राहू द्या न बाबा."

"कावून? सांगाले लाज वाटते काय?"

साधनानं मान खाली घातली. "गो म्हंजे गाय. मेद म्हंजे चरबी."



आता जानराव कसा मानूस? गळ्यात तुळशीची माळ. घरात कांदा-लसून नाही. मागल्या साली कपिला गाय मेली तं ह्या बाबानं तिची तेरवी केली, साऱ्या आळीले बुंदी चारली.

"गाईची चरबी?" त्याचा आवाज चढला. "माह्या पोरीच्या बोटात?"

"अहो, त्यात चरबी थोडीच असते!" भगवंतराव हसले, अन् तिथंच चुकले. "जमिनीतून निघते तो. रंग तसा दिसते म्हून नाव पडलं. लसन्या खड्यात काय लसून असते?"

"लसूनबी नाही खात आमी!"

बायांमधी कोनीतरी फिसकन हसलं. जानराव आनखीन पेटला.

"नाव ठेवनाऱ्याले दुसरं काही दिसलं नाही? मध दिसला नाही, गूळ दिसला नाही? गाईच्या कातड्याखालचंच दिसलं? अन् तुमाले साऱ्या बजारात हाच खडा भेटला? माळकऱ्याच्या घरी आनाले?"

किशोर खाली पाहत उभा.

"तुमी तरी बोला जावईबापू! बदलून आनतो म्हना. आत्ता म्हना, अन् मी सारं इसरतो."

किशोरनं एकदा वर पाह्यलं. "अंगठी हेच राहीन," तो हळूच बोलला.

"मंग सोयरीक नाही राह्यत! उचला आपली ताटं!"

दुर्गाबाईनं नवऱ्याचा हात धरला. "अवो, एका दगडापायी पोरीचं वाटोळं करता काय? सोयरीक मोडलेल्या पोरीले कोन इचारते?"

"नोको इचारू. तिचा बाप जिता हाये."

भगवंतरावचं तोंड लाल झालं. "पावन्याले उपाशी हाकलता? अकोल्यात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली तुमी." त्यायनं साडी-नारळ गोळा केलं, अन् गाड्या धुराळा उडवत निघून गेल्या.

पुऱ्या थंड्या झाल्या. लोक एकेक करून सरकले. जानरावचा राग उतरला. आपलं खरं करता करता पोरीचं काय केलं आपन? एवढ्या मानसांत तिचं बोट रिकामं राह्यलं.

साधना गोठ्यामागं एकटीच पाठमोरी उभी होती. खांदे हालून राह्यले होते. जानराव अनवानीच तिच्यामागं गेला. डोक्यावर ठेवाले हात उचलला. "रडू नको माय," हे शबूद ओठावर आले, अन् तिथंच अटकले.

पोरगी कानाले फोन लावून हसून राह्यली होती. "किशोरदादा, मी सांगितला तोच खडा आनला तुमी, लय उपकार झाले! आता तुमीबी घरी तुमच्या माधवीचं नाव काढा."