पळीची पसंती

पळीला काजळ नेमकं कुठे लावायचं, यावरून बायकांची चांगलीच जुंपली होती. पळी लाकडाची, तिला डोळे कुठून असणार? पण नवरी म्हटल्यावर काजळ हवंच. नवरा तरी साधासुधा का होता? साक्षात पाऊस. दोन वर्षं तो अ‍ॅटलास डोंगरातल्या या खेड्याकडे फिरकला नव्हता. तो रुसलाय, एकटेपणा बिचाऱ्याला खातोय, त्याला मनासारखी बायको हवी, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. पावसाचं मन इतकं ओळखणारं गाव शोधून सापडलं नसतं.

नवरीला मिरवायचा मान कुमारिकेचा, म्हणून पळी तुदाच्या हातात होती. तिचं कुमारिकापण मात्र गुरुवारपर्यंतच उरलं होतं. खालच्या बाजारातल्या म्हाताऱ्या हाज झायदनं तिच्यासाठी वीस पोती जव देऊ केले होते आणि तिचा बाप अस्सू हो म्हणून बसला होता. तुदानं दोनदा नको म्हटलं. दुष्काळात मुलींनी असली थेरं करायची नसतात, असं तिला सुनावण्यात आलं.

मिरवणूक निघाली. दारोदार पळीवर पाणी शिंपडलं गेलं. पोर गारठेल म्हणून कुणीतरी पळीला शालही पांघरली. शेवटी सगळे खळ्यावर जमले आणि गावातली सर्वांत वयस्क इज्जा आजी पुढे झाली. नवरीला पसंती विचारायची आणि पळी धरणारीनं तिच्या वतीनं हो म्हणायचं, असा रिवाज होता.

"पोरी, नवरा पसंत आहे ना?" आजीनं पळीला विचारलं.

तुदानं पळीकडे पाहिलं. काजळ ओघळून दांड्यापर्यंत आलं होतं.

"नाही म्हणतेय," ती म्हणाली.

खळ्यावर सगळ्यांचं धाबं दणाणलं. नवरीनंच नाकारलं तर पाऊस कायमची पाठ फिरवणार. अस्सू धावत आला. आता थोबाडीत बसणार, म्हणून तुदानं अंग चोरलं. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पागोटं काढून तो पळीपुढे गुडघ्यांवर बसला.

"माझे बाय, तुझ्या मनात नसेल तर जबरदस्ती नाही," तो कळवळून म्हणाला. "तू काय बाजारातलं मेंढरू आहेस? मोकळेपणी सांग, तुला काय हवंय?"

असा आवाज तुदानं बापाच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. तिला रडू आलं आणि रागही आला. तिनं पळी कानाशी नेली.

"ती म्हणतेय, हेच आधी तुदाला विचारा."

आणि पळीचं मन मोडायची छाती गावात कुणाचीच नव्हती.