झाकणाखाली

ओढ्याकाठचा पुदिना आणि तुतीची फळं स्वतः खुडून आणायची, चहासाठी उकळत्या पाण्यात टाकून वर झाकण ठेवायचं, हा नर्सबाईंचा निवृत्तीनंतरचा शिरस्ता. आज झाकण ठेवलं आणि पानं खुडल्याचा आवाज आला. खुट्. खुट्.

“अहो, माझ्या कुंड्यांना हात लावू नका म्हणून कितीदा सांगायचं?”

“माझ्या दोन्ही हातांत पेपर आहे,” नवरा खुर्चीतूनच म्हणाला. “जरा गप्प बसशील?”

आवाज पातेल्यातून येत होता. बाईंनी फणकाऱ्याने झाकण उचललं, तसा तो थांबला. पाण्यात पान नव्हतं, फळ नव्हतं. नुसते देठ तरंगत होते.

“पायपीट मी करायची आणि ताव भलत्यानेच मारायचा?”

झाकण ठेवलं, आवाज सुरू. उचललं, बंद. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चहा कपात गाळला आणि तिथेच उभ्याने फुंकून फुंकून शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

“आता खुड म्हणावं,” असं बजावून त्यांनी ओठ घट्ट मिटले.

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. तो त्यांच्या पोटाकडे बघत होता.

“बोलत राहा,” तो हळूच म्हणाला. “तू तोंड मिटलंस की ऐकू येतंय.”